माळावर झाडं लावण्याआधी थोडं थांबा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, कमी पावसाच्या पट्ट्यात तुमचं गाव आहे. गावाला साधारण ४० एकर गायरान आहे. तुमच्या लहानपणी तिथं उन्हाळ्यात गळ्याचा निळा-केशरी पंखा उघडणारे सरडे जागोजागी दिसायचे, अधूनमधून घोरपड दिसायची, पहिल्या पावसानंतर शेणाचे गोळे ढकलणारे किडे पायाखाली यायचे. आता यातलं फारसं काही दिसत नाही. एक कंपनी २,००० रोपं आणि चर खोदायला जेसीबी द्यायला तयार आहे. तुम्ही विचारलंय की कुठली झाडं लावली तर हे प्राणी परत येतील, आणि नाहीच आले तर दुसऱ्या माळावरून पकडून आणून सोडले तर चालतील का.

आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. माळावर झाडं लावू नका. जेसीबी तर वर चढवूच नका. आणि बाहेरून एकही प्राणी आणू नका. तुमची तळमळ मला पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसली, म्हणून हे लिहिताना वाईट वाटतंय. पण जे थोडंफार उरलं असेल, ते या जूनमध्ये रोपं लावल्यावर जाईल.

खरा प्रश्न ‘कुठलं झाड’ हा नाहीच. या प्राण्यांना माळ कशासाठी लागत होता, आणि त्यातलं काय गेलं, हे आधी शोधायला हवं. मी गेली २२ वर्षं पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरच्या माळांवर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी करते आहे. प्रत्येक माळाचं दुखणं वेगळं असतं. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या माळाला जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. जिथं परिस्थितीवर अवलंबून आहे, तिथं तसं सांगेन.

माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो, तिथून घोटाळा सुरू होतो. सरकारी दप्तरात पडीक, गावकऱ्यांच्या तोंडी उजाड, आणि शहरातून आलेल्या माणसाला वाटतं की इथलं जंगल कुणीतरी तोडलं. पण वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस, वीतभर माती आणि खाली मुरूम, अशा जागी गवतच राज्य करतं. कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी गवत. मध्येच एखादी बोर, एखादा हिवर, ओढ्याच्या कडेला बाभळी. हे मोडलेलं जंगल नाही, हा पूर्ण वाढलेला माळच आहे. माळढोक, तणमोर, धाविक, चिंकारा, लांडगा, खोकड हे सगळे अशाच उघड्या जमिनीचे प्राणी आहेत. आणि यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात जातात ते तुम्ही विचारलेले सरडे आणि किडेच.

तुमच्या पंख्याच्या सरड्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला आवडेल. २०१६ मध्ये भारतीय संशोधकांनी या सरड्यांचा नव्याने अभ्यास केला आणि त्यातल्या मोठ्या, भडक पंख्याच्या गटाला वेगळा ‘जीनस’ (जवळच्या जातींचा समूह) ठरवून नाव दिलं ‘सरडा’. आपला मराठी शब्द शास्त्रीय नावात गेला. सरडा डेक्कनेन्सिस, सरडा सुपर्बा, सरडा डार्विनी अशी तीन नावं त्यात आहेत. सुपर्बा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा. याच अभ्यासात छोट्या पंख्याच्या ‘सिताना’ गटातल्याही नव्या जाती पुढे आल्या. तुमच्याकडे नक्की कुठला आहे हे फोटोशिवाय मी सांगणार नाही. पण आठवणीतला रंग खरोखर निळा, काळा आणि केशरी असेल तर तो ‘सरडा’ गटातला असण्याची शक्यता जास्त.

हा नर मे महिन्यात सकाळी आठ-साडेआठला बघायचा असतो. कलिंगडाएवढा दगड निवडतो, वर चढतो, पुढचे पाय ताठ करून छाती उचलतो आणि गळ्याखालची घडी फटकन उघडतो. दीड-दोन सेकंद. मिटतो. मान वळवून पुन्हा उघडतो. ३०-४० पावलांवरच्या दुसऱ्या दगडावरून दुसरा नर त्याला उत्तर देतो. मादी खाली गवताच्या बुडख्याशी मातीच्या रंगात मिसळून बसलेली असते, ती हलली तरच दिसते. पावसाच्या तोंडावर ती भुसभुशीत जागा बघून माती उकरते आणि अंडी घालते. जमिनीच्या उबेवरच ती उबतात.

आता या दृश्यात झाड घाला. दगडावर सावली येते, त्यामुळे सकाळी शरीर तापायला वेळ लागतो. तापलं नाही तर सरडा पळू शकत नाही, भक्ष्य पकडू शकत नाही, पंखा उघडायचा उत्साहही राहत नाही. नर एकमेकांना दिसेनासे होतात. अंड्यांवरची माती थंड राहते. फांदीवर खाटीक आणि कोतवाल बसायला लागतात, शिक्रा येतो. उघड्या माळावर या शिकाऱ्यांना बसायला जागाच कमी होती. एका झाडाने काही बिघडत नाही, माळावर झाडं असतातच. पण तीन-तीन मीटरवर रांगेने लावलेल्या २,००० रोपांखाली जेवढा माळ येतो, तेवढा संपतो.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत सासवडच्या पुढे एका माळावर लागवड झाली, तिच्यात मी स्वतः खड्डे मोजत फिरले होते. गिरिपुष्प आणि सुबाभूळ. दोन्ही लवकर वाढतात, गुरं खात नाहीत किंवा खाल्लं तरी फुटतात, म्हणून निवडली. तेव्हा मलाही वाटलं की हिरवं झालं म्हणजे चांगलं झालं. चौथ्या उन्हाळ्यात मी तिथं पंख्याचे सरडे शोधायला गेले आणि दोन सकाळी फिरून मला एकही नर दिसला नाही. गिरिपुष्पाच्या पानांचा थर पडला होता, खाली गवत विरळ झालं होतं. होत्या त्या बागेतल्या सरड्याच्या जाती, ज्या कुठंही राहतात. त्या माळाचं मी जे नुकसान केलं ते अजून भरून निघालेलं नाही. तुम्हाला थांबवायची माझी घाई त्यामुळे आहे.

जेसीबीचं कारण वेगळं. सलग समतल चर डोंगरउतारावर पाणी जिरवायला उपयोगी आहेत, पाणलोटाच्या कामाला माझा विरोध नाही. पण सपाट माळावर चर खोदताना वरचे दगड उचलून बांधात जातात, वारुळं फुटतात, बिळं बुजतात. आणि दगड, वारूळ, बीळ ही या प्राण्यांची घरं आहेत.

बिबट्या पाल घ्या. अंगावर ठिपके, जाड शेपूट, आणि आपल्या घरातल्या पालीला नसणाऱ्या हलत्या पापण्या. भिंतीवर चढत नाही, रात्री जमिनीवर पोट उचलून हळू चालते. किडे खाते, विंचूही खाते. दिवसभर दगडाखाली नाहीतर उंदराच्या बिळात. शेपटीत चरबी साठवलेली असते, त्यावर वाईट दिवस काढते. लोक तिला घोरपडीचं विषारी पिल्लू समजून मारतात. भारतात एकही विषारी पाल, सरडा किंवा घोरपड नाही, हे गावात जितक्या वेळा सांगाल तितकं थोडं. घोरपड अनेकदा वारुळात अंडी घालते, कारण आतली ऊब आणि ओल वर्षभर फारशी बदलत नाही. वारूळ फोडलं की घोरपडीचा पाळणाही गेला. मांडूळ आणि डुरक्या घोणस हे दोन साप भुसभुशीत मातीत आणि उंदरांच्या बिळात राहतात. जमीन ट्रॅक्टरखाली किंवा जेसीबीखाली घट्ट झाली की त्यांना शिरायला जागा राहत नाही. डुरक्या घोणस बिनविषारी आहे, पण घोणशीसारखी दिसते म्हणून बिचारी काठीखाली जाते.

दगडांची आणखी एक गोष्ट. माळावरचे दगड शेताच्या तालीसाठी, घराच्या जोत्यासाठी, हल्ली बंगल्याच्या बागेसाठी ट्रॉलीने जातात. कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. तुमच्या माळावर असं झालंय का ते आधी विचारा. माझा अंदाज आहे की तुमच्या सरड्यांच्या उत्तरातलं अर्धं उत्तर तिथं असेल.

आता किड्यांकडे येते, कारण तिथं प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे.

शेणकिडे कमी होण्याची दोन कारणं मला वारंवार दिसतात. पहिलं सोपं आहे. माळावर शेण पडायचंच बंद झालं. गावातल्या गाई गोठ्यात बांधून आल्या, मेंढ्यांचे वाडे (मेंढपाळांचे कळपासह फिरते तळ) दुसरीकडे वळले, तर किड्याने खायचं काय? दुसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. जंतनाशक म्हणून गुरांना आणि मेंढ्यांना आयव्हरमेक्टिन देतात. त्याचा बराचसा अंश शेणातून बाहेर पडतो आणि त्या शेणात वाढणाऱ्या अळ्यांना मारतो. शेण पडलेलं दिसतं, किडे त्यावर येतातही, पण पुढची पिढी तयार होत नाही. औषध देऊ नका असं मी कुणा पशुपालकाला सांगणार नाही, जनावर आजारी असेल तर ते दिलंच पाहिजे. पण सरसकट सगळ्या कळपाला पावसाच्या तोंडावर देण्याऐवजी गरज असलेल्याच जनावराला देता येईल का, आणि दिलेलं जनावर दोन-तीन आठवडे माळाऐवजी गोठ्यात ठेवता येईल का, हे तुमच्या पशुवैद्यकांशी बोला. शेणकिडे नेमके पहिल्या पावसानंतर कामाला लागतात, म्हणून वेळ महत्त्वाची.

हा किडा कधी बसून बघितलाय का? ताज्या शेणातून कातून गोळा बनवतो, मग डोकं जमिनीकडे करून मागच्या पायांनी तो उलटा ढकलत नेतो. चढ आला की गोळा घरंगळतो, किडा त्याच्याबरोबर गडगडतो, पुन्हा पाय रोवतो. शेवटी तो गोळा मातीत पुरला जातो, म्हणजे खत जमिनीत गेलं, बिया गेल्या, जमीन भुसभुशीत झाली. तुमच्या गवताचा हा फुकटचा नांगर आहे.

मुंग्यांचंही तसंच. पावसाळा संपताना माळावर मातीच्या पाकळ्या रचल्यासारखी मुंग्यांची घरं दिसतात, भोवती गवताच्या बियांच्या टरफलांचं कडं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात पुण्याजवळच्या मुंग्यांबद्दल लिहून ठेवलंय की त्या गवताचं बी साठवतात आणि पावसात भिजलं तर बाहेर आणून वाळत घालतात. आजही एखाद्या उघडिपीच्या दिवशी हे बघायला मिळतं. पंख्याचे सरडे या मुंग्या आणि वाळवी भरपूर खातात, त्यामुळे ही घरं आहेत की नाहीत हे मी सरड्यांच्या आधी बघते.

हिंग्यांचं नाव काढलं की बाजरीवाले चिडतात, आणि रागही बरोबर आहे, फुलोऱ्यात हा किडा कणसं खातो. पण याच गटातल्या अनेक किड्यांच्या अळ्या जमिनीतली टोळांची आणि नाकतोड्यांची अंडी खातात. म्हणून शेतात हाताने गोळा करून त्याचा बंदोबस्त करा, हातमोजे घालून, कारण अंगातल्या द्रवाने फोड येतात. माळावर मात्र फवारा घेऊन जाऊ नका. माळाला लागून असलेल्या शेतांतली फवारणी हेही मोठं कारण असतं. वारा माळाकडे असताना फवारलं की कडेचा मोठा पट्टा किड्यांविना राहतो. मृगाचा किडा तुमच्याकडे अजून दिसतो का ते कळवा. लाल मखमलीचा, पहिल्या पावसात येणारा. तो खरं तर कीटक नाही, आठ पायांचा आहे, कोळ्यांच्या नात्यातला. पण माती अजून जिवंत आहे का याची ती चांगली खूण आहे.

चराईबद्दल तुम्ही लिहिलंय की गावात काही जण गायरानाला कुंपण घालून चराई कायमची बंद करा म्हणतात. इथं उत्तर खरंच परिस्थितीवर आहे. गवत जमिनीसरशी खाल्लं गेलं असेल, माती उघडी पडून वाहत असेल, कुसळीसुद्धा उरली नसेल, तर एक-दोन पावसाळे विश्रांती द्यायला हवी. पण कायमची बंदी घातली तर दोन-तीन वर्षांत गवत दाट आणि उंच होतं, वाळकं गवत साचतं, पंख्याच्या सरड्याला पळायला मोकळी जमीन राहत नाही आणि वणवा लागला तर तो आवरत नाही. मला सगळ्यात चांगले माळ दिसले ते मेंढ्या येऊन-जाऊन असलेले. चांगला माळ म्हणजे चट्ट्याचट्ट्यांचा, कुठं गुडघाभर गवत, कुठं बोटभर, कुठं उघडा मुरूम. सापसुरळीला दाट गवत लागतं, पंख्याच्या सरड्याला विरळ, तर धाविक पक्ष्याला जवळजवळ उघडी जमीन.

इंदापूरकडच्या एका माळावर एक धनगर मामा भेटले होते. मी विचारलं, मामा, कुठल्या बाजूला मेंढरं कधी नेता? ते म्हणाले, “ताई, गवात फुलू द्यायचं, बी झडू द्यायचं, मग चारायचं. आधी चारलं तर पुढच्या साली काय खाणार?” कुठल्याही व्यवस्थापन आराखड्यात लिहावं असं हे वाक्य आहे. तुमच्या गावाच्या वाटेने कुठले वाडे येतात ते शोधा आणि त्यांच्याशी बसून बोला. त्यांना हाकलून माळ वाचणार नाही.

वणव्याचंही तसंच थोडं आहे. जाळलं की गवत जोमानं येतं, हा समज पक्का आहे. काळी पडलेली जमीन लवकर तापते आणि कोवळे कोंब डोळ्यांत भरतात, म्हणून तसं वाटतं. माळाला आग नवीन नाही, क्वचित, छोट्या चट्ट्यात लागलेली आग माळ पचवतो. पण दर वर्षी फेब्रुवारी ते मे सगळा माळ एकदम जाळणं वेगळं. बिळात असलेला साप वाचतो, पण दगडाच्या फटीतली बिबट्या पाल, गवतातली सापसुरळी, खंडोबाच्या किड्याची अंड्यांची फेसाळ घडी, हे भाजून निघतं. जे वाचतात त्यांना लपायला काही उरत नाही. म्हणून हिवाळ्याच्या शेवटी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे गवताविना पट्टे, काढा. माळाचे चार तुकडे झाले तरी एका ठिणगीने सगळं जाणार नाही. तुमच्या पत्रात वणव्याचा उल्लेख नव्हता. गेल्या पाच वर्षांत किती वेळा लागला ते मला हवं आहे.

दुसऱ्या माळावरून प्राणी आणण्याबद्दल. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावणं म्हणजे गंभीर गुन्हा. बाकी बऱ्याच साप-सरड्यांनाही परवानगीशिवाय पकडणं, नेणं, सोडणं बेकायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते चुकीचं आहे. ज्या कारणाने इथले गेले, त्याच कारणाने आणलेलेही जातील. ते रोग आणतील. आणि दोन जाती दिसायला सारख्या असल्या तरी वेगळ्या असू शकतात, सरड्यांचा २०१६ चा अभ्यास हेच तर सांगतो. कासवाबद्दलही सांगून ठेवते, कारण हे हमखास होतं. कुणीतरी घरात पाळलेलं तारांकित कासव ‘निसर्गात’ सोडायला माळावर आणतं. ते कासव पाळणंच बेकायदा आहे आणि ते तिथलं नाही. वनखात्याकडे द्या, हेल्पलाइन १९२६.

एक कटू विषय आहे, पण टाळता येणार नाही. मांडूळ कमी होण्याचं मोठं कारण पैशांचा पाऊस, गुप्तधन, दोन तोंडं या भाकडकथा. मांडुळाला तोंड एकच असतं, शेपूट बोथट असते, इतकंच. घोरपडीच्या नराचे जननेंद्रिय वाळवून ‘हाथाजोडी’ म्हणून, झाडाचं मूळ आहे असं सांगून विकतात. घोरपडीचं तेल, मांस, हेही चालू असतं. तुमच्या माळावर घोरपड दिसेनाशी झाली असेल आणि दगड, वारुळं मात्र शाबूत असतील, तर मी आधी शिकारीचा संशय घेईन, मग कुत्र्यांचा. गावाबाहेर कचरा टाकायला सुरुवात झाली की भटक्या कुत्र्यांची टोळी माळावर पक्की होते, आणि मोठी घोरपडसुद्धा त्यांच्यापुढे टिकत नाही. कचऱ्याची जागा हलवणं हे माळासाठी २,००० झाडांपेक्षा मोठं काम आहे. ते करायला कंपनी पैसे देईल का, विचारून बघा.

कंपनीला थेट नकार देऊ नका. त्यांना सांगा की खर्च असा करा. एक, जाळरेषा आणि उन्हाळ्याचे चार महिने राखणदार. दोन, वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत काढणं. ही कामं जेसीबीने करायची नाहीत, माणसं लावून, मुळासकट, आणि दोन-तीन वर्षं चिकाटीने. घाणेरीची मोठी जाळी एकदम सगळी काढू नका, तिच्यात कुणी राहत असेल तर त्याला हलायला वेळ मिळू द्या, टप्प्याटप्प्याने काढा. तीन, माळाच्या आसपासच्या उघड्या विहिरींना कठडा. कठडा नसलेल्या विहिरीत किती साप आणि घोरपडी पडून मरतात हे कुणी मोजत नाही. झाडं लावायचीच असतील, कारण फोटो लागतात हे मलाही कळतं, तर ओढ्याच्या काठाला, गावठाणात, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर लावा. बाभूळ, हिवर, बोर, करंज, लिंब. तिथं ती हवीच आहेत.

कागदाचं कामही आत्ताच करा. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदोपत्री असेलच, जैविक विविधता कायदा, २००२ नुसार ती प्रत्येक ग्रामपंचायतीत हवी. लोक जैवविविधता नोंदवहीत या माळाचं पान आहे का बघा, नसेल तर ग्रामसभेत ठराव करून घाला. सरडा, घोरपड, मांडूळ, शेणकिडा ही नावं त्यात आली पाहिजेत, कारण उद्या सोलर प्रकल्प, मुरुमाची खाण किंवा प्लॉटिंगचा प्रस्ताव आला की ‘तिथं काहीच नाही’ हे पहिलं वाक्य असतं. गायरानं आणि सार्वजनिक जमिनी वाचवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे, ग्रामसभेत त्याचा आधार घेता येतो.

आणि माळावर यातलं काहीही करण्याआधी एक वर्ष मोजा. हे कंटाळवाणं वाटेल, पण सगळं ‘गेलं’ असं तुम्हाला वाटतंय ते नक्की कशावरून? तुम्ही बहुधा दुपारी किंवा संध्याकाळी, गप्पा मारत चालत जाता. माळावर अर्धा किलोमीटरची एक पायवाट ठरवा. एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, दर रविवारी सकाळी साडेसात ते नऊ, दोघांनीच, हळू चाला. दगडावर बसलेला प्रत्येक सरडा लिहा, पंखा उघडला का ते लिहा, माणूस किती पावलांवर आल्यावर पळाला ते लिहा. नुसता आकडा पुरत नाही. चाळकेवाडीच्या पठारावरचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटले, तिथं सरडे वाढले, पण ते अशक्त होते, माणसाला जवळ येऊ देत होते आणि त्यांच्या पंख्याचे रंग फिके होते. म्हणून रंग आणि वागणं दोन्ही लिहा. पावसाळ्यात तीच पायवाट, पण नजर शेणावर आणि मुंग्यांच्या घरांवर. शेणाचे किती पो, त्यातले किती पोखरलेले.

दगड उलटून बघायचा मोह होईल. शक्यतो बघूच नका. बघायचाच असेल तर हाताने नाही, काठीने, आणि दगड आपल्याकडे ओढून उचला म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहील. फुरसं अशाच दगडाखाली असतं आणि चपळ असतं. पायात बूट हवेत. बघून झालं की दगड त्याच खाचेत, तसाच परत ठेवा. खालची ओल आणि फट मोडली की आतल्याचं घर मोडलं.

मला पुढचं सांगायला चार गोष्टी लागतील. माती किती खोल आहे, त्यासाठी पहारेने तीन-चार ठिकाणी ठोकून बघा. गवताचे फोटो, फुलावर असताना काढलेले. माळावरून गेल्या काही वर्षांत दगड आणि मुरूम किती गेला. आणि मेंढ्यांचे वाडे कुठल्या महिन्यात येतात. रोपं जूनमध्ये येणार आहेत म्हणता, तर हे एप्रिलच्या आत पाठवा. आणि कंपनीला आजच कळवा की जेसीबी थांबवा, बाकी बोलू.